देवघेव

साडेसातला कुलूप काढते.
खारपाणपट्ट्यातलं कुलूप, गंजानं चाटून बारीक केलेलं,
तेलाचं बोट फिरवल्याशिवाय किल्लीचं ऐकत नाही.
आधी झाडू. मग पेपर काठीला.
मग बाकावरच्या जागा, ज्या कुणी ठरवल्या नाहीत:
खिडकीपाशी निळकंठराव तराळ,
बाजारभावाच्या पानापासून उलटे वाचत येणारे,
पंख्याखाली भरतीची पोरं, सादिक, ऋत्विक,
आणि तो एक, जो मला अजून
फक्त सभासद क्रमांक ३१७ म्हणून आठवतो.
याची लाज वाटते. पण विचारायचं राहून जातं.

सार्वजनिक वाचनालय, 'ड' वर्ग, तालुका दर्यापूर.
दाखल नोंदवहीप्रमाणे पुस्तकं दोन हजार एकशे चार.
वाळवीप्रमाणे दोन हजार साठ.

दुपारी लाईट जाते, गाव सामसूम होतं,
तेव्हा टेबलाच्या खणातून माझं पुस्तक निघतं.
यंत्रं माणसांना कशी मोजतात, त्यावरचं.
गेल्या खरेदीच्या यादीत मीच घुसवलेलं;
अध्यक्षांना वाटलं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं असेल.
सहा महिन्यांत वाचक एकच.

लिहिणारा कुठल्या तरी थंड शहरातला.
म्हणतो, यंत्राला विसरता येत नाही, तिथंच सगळा घोळ आहे.
समासात मी काही लिहीत नाही,
ग्रंथपालानंच लिहिलं तर दंड कुणाला करायचा?
पण मनात लिहिते: वच्छलाबाईचा अंगठा.
रेशनच्या मशीननं तो तीनदा नाकारला.
चाळीस हंगाम कापूस वेचला, बोटावरच्या रेषाच राहिल्या नाहीत.
"मले माह्याच बोटानं खोटं पाडलं वं,"
असं म्हणत ती इथं येऊन बसली, माठातलं पाणी प्यायली,
मासिकातली चित्रं पाहिली.
अक्षर येत नाही तिला.
हजेरीत तिची एक उभी रेघ मी ओढते, पुरती एक.

मागच्या मंगळवारी नयना खंडारेचा नवरा आला,
बाहेर गाडी चालूच ठेवून.
"ताई, आमची इथून काय नेते वाचाले?"
सहज विचारल्यासारखं. किल्ली बोटात फिरवत.
देवघेवीचं रजिस्टर आमच्या दोघांच्या मधे उघडं:
तिचं नाव, आणि पुढं पोटगीच्या कायद्याचं पुस्तक.
माझा तळहात त्या ओळीवर कधी पडला
मलाही कळलं नाही.
"भरतकाम," म्हटलं. "कशिद्याचे नमुने."
तो गेला. धूर खिडकीत बराच वेळ राहिला.

एकोणीस वर्षं मी देवघेव पेन्सिलीनं लिहिते.
पुस्तक परत आलं की खोडते.
सुरुवातीला कारण एवढंच, की शाईपेन गळायचं.
नंतर त्याची सवय झाली, नंतर तत्त्व,
आणि तपासणीचे साहेब दरसाल शेरा मारतात,
"ताई, पेन्सिल चालत नाही."
कागद उजेडात तिरपा धरला
तर खोडलेलं सगळं दिसतं, हे मात्र खरं.
पण तिरपं धरायला आधी कुणीतरी बसावं लागतं.

आज पत्र आलं: महिनाअखेर सगळी देवघेव
संगणकावर भरावी. वाचक, पुस्तक, तारीख, मोबाईल नंबर.
न भरल्यास अनुदानाचा विचार होणार नाही.
संगणक दोन वर्षांपासून आहेच, मेणकापडाखाली.
झटकला. सुरू झाला, मला वाटलं नव्हतं.
पहिली ओळ स्वतःची भरली:
माझं नाव, माझं जाडजूड पुस्तक, माझा नंबर.
कळू दे ज्याला कळायचं त्याला, मी काय वाचते.

दुसऱ्या ओळीत ती रेघ उघडझाप करत थांबली.

तेवढ्यात पायरीवर चप्पल वाजली.
नयना. पदराखाली काही चौकोनी.
"ताई, अजून आठ दिवस ठेवू काय?"
"ठेव."
"लिहा लागते?"
रजिस्टर मिटलेलं होतं. पेन्सिल कानावर.
पंखा पुन्हा फिरू लागला, पेपर काठीवर हलले,
मी ३१७ला हाक मारून विचारलं,
"बाळा, तुझं नाव काय रे?"