एकवीस आणि अठ्ठावीस

खुडूक तांबडीखाली आठ अंडी ठेवली,
पाच तिची, तीन मार्थामावशीच्या बदकीची.
बदकीच्या अंड्यांवर कोळशाने फुल्या.
फाल्गुन सरत होता,
खडकीच्या क्वार्टरमागे शेवगा शेंगांनी वाकला होता.

एकविसाव्या दिवशी, कारखान्याच्या भोंग्याआधी,
पाचही फुटली.
तांबडी उठली, पिल्लं घेऊन उकिरड्यावर गेली.
तिचा हिशेब तिथे पुरा.

उरलेली तीन
बुटांच्या खोक्यात, चाळीसच्या बल्बखाली.
ओल्या बोटांनी मी ती फिरवायचे
आणि चिनी कोंबड्या कुंपणावरून
अख्ख्या लाईनीला ओरडून सांगायच्या,
काय ते त्यांनाच ठाऊक.

गुरुवारी लाईट गेली, ती दिवसभर.
अंडी पदरात गुंडाळून पोटाशी बांधली,
तशाच भाकऱ्या थापल्या, बेतानं वाकत.
दिगंबर पाळीवरून आला, बघतच राहिला.
"कितवा महिना?"
"चोविसावा दिवस," म्हटलं.

दोन गदळली.
तिसऱ्यातून, रविवारी पहाटे,
टकटक झाली
आणि मी, कोण जाणे का,
आधी दाराकडे पाहिलं.