कात्री लावायची नाही

कात्री लावायची नाही, हे झ्बिनेकनं
मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
म्हणजे तो पूर्ण वाक्यं बोलायचा तेव्हा.
तारेसारखा केस, कापला की मऊ पडतो,
मग काटे आत शिरतात, पाणी कातडीपर्यंत पोचतं,
आणि कुत्रीची होते उशी.
उपटायचा. अंगठा, तर्जनी, खडूची भुकटी,
वाढीच्या दिशेनं, एका झटक्यात, न घाबरता.
मी तेव्हा लोम्नित्सेच्या पोस्टात शिक्के मारायचे.
हो हो म्हटलं आणि विसरून गेले.
शिकार त्याची, कुत्री त्याची, तळ्यावरचं धुकं त्याचं.
माझी फक्त फरशी,
जिच्यावर आर्गा दाढीतून अर्धं तळं आणून ओतायची.
आमच्या बोहेमियात या जातीला म्हणतातच फोउसेक, मिशाळ.
मिशांना पोचा लावावा लागतो हे नावात येत नाही.

आता त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो,
कुणाचा तरी हातमोजा राहून गेल्यासारखा.
आर्गाला हे कुणी सांगितलेलं नाही.
पहाटे पाचला ती आधी त्याच्या पलंगाशी जाते,
हातमोज्याखाली नाक घालते, उचलते, थांबते.
मग माझ्याकडे येते. उसासा टाकते.
बदली कामगार म्हणून माझी नेमणूक झालेली आहे.

माझे गुडघे सदुसष्ट वर्षांचे, तिला हवेत पंधरा किलोमीटर.
मी बांधावरचे ओक मोजत चालते,
ती सुटते, येते, पुन्हा सुटते,
माझ्या एका फेरीत तिच्या सहा.
घरी आल्यावर गोचिडी. कानामागे, काखेत, दाढीत.
शेजारची हाव्रान्कोवा म्हणते, देऊन टाक एखाद्या शिकाऱ्याला,
या वयात कशाला या लष्कराच्या भाकऱ्या?

दिली नव्हती असं नाही.
एकदा गाडीपर्यंत नेली होती.
पट्टा त्या माणसाच्या हातात, पैसे माझ्या.
झ्बिनेक खिडकीतून बघत होता. काही बोलला नाही.
तो तसाही बोलत नाही.
मी नोटा मोजल्या, दोनदा, पोस्टातल्या सवयीनं,
आणि परत केल्या. हजार कमी आहेत म्हटलं.
नव्हते.

ऑक्टोबरात तळी रिकामी करतात, कार्प माशांसाठी.
चिखल उघडा पडतो, उरल्यासुरल्या लव्हाळ्यात बदकं दाटतात.
अशाच एका सकाळी ती थिजली.
पुढचा एक पाय दुमडलेला, शेपूट ताठ,
दाढीवर दव, आणि सगळं अंग एका वासाला टांगलेलं.
इतकं गप्प मी कुणाला पाहिलेलं नाही.
घरी आहे एक, पण ते गप्प वेगळं.
ती बंदुकीच्या आवाजाची वाट बघत होती.
बंदूक पोलिसांकडे जमा.
मला काय सुचलं कोण जाणे, मी टाळी वाजवली.
दोन बदकं फडफडत उडाली, चर्चच्या दिशेला.
आर्गानं मान वळवून पाहिलं,
ऑर्गन वाजवणारा बेसूर गाणाऱ्याकडे बघतो तसं.
मग चिखलात बसली. संप.

हल्ली टाळीवर तिनं तडजोड केली आहे.
उडालेल्या बदकाऐवजी काहीतरी आणून देते:
ओंडका, रबरी बूट, एकदा जिवंत कार्प,
जो मी माफी मागून कोळ्यांना परत दिला.

मे महिन्यात तिला अंगणातल्या टेबलावर चढवली.
खडू, अंगठा, तर्जनी.
केस मध्येच तुटत होता, मुळासकट येईना.
नाही, झ्बिनेक खुर्चीतून म्हणाला.
हा एक शब्द शिल्लक आहे त्याच्याकडे, सढळ वापरतो.
नाही. नाही. नाही.
मग वैतागून डावा हात पुढे आला,
तिच्या पाठीवर चाचपडला, चिमूट धरली,
आणि ओढली. स्वच्छ.
आर्गानं जांभई दिली.
मी काही बोलले नाही, खडूची डबी त्याच्या बाजूला सरकवली.

दोन तासांत एकच बाजू झाली.
केस कुंपणावर ठेवले, पाखरं घरट्याला नेतात म्हणे.
हाव्रान्कोवा म्हणाली, कसली ही घाण.
उरलेली बाजू उद्या, किंवा परवा, त्याचा हात म्हणेल तेव्हा.
तोवर एका अंगानं राजकन्या, एका अंगानं पायपुसणं,
अशीच ती गावातून फिरेल,
आणि मागून मी, धापा टाकत,
भेटेल त्याला सांगत:
नाही, कात्री लावायची नसते.