आडवं आभाळ

मिरजकर तिकटीला सायकलच्या दुकानामागं
सिकंदर मुल्लाणीचं पार्लर होतं.
दाराला गोणपाट, आत तीन यंत्रं,
कोपऱ्यातलं आमचं.
त्याचा पडदा उभा होता, हे आधी सांगायला हवं.
तळाशी एक पांढरं यान,
आणि वरून, पार वरून, ओळीनं उतरणारे हिरवे किडे.
उतरायला इतका वेळ घ्यायचे
की भीतीला नीट मुरता यायचं.

दांडीवरचा गोळा फुटला तेव्हा
उद्यमनगरातल्या गुंडूमामानं लेथवर पितळेचा कातून दिला.
पैसे घेतले नाहीत, चार डाव घेतले.
खेळून घरी आलो की तळव्याला पितळेचा वास.
आई विचारायची,
कुठल्या देवळात घंटा बडवून आलास?

रुपयाला तीन जीव.
मानेवर आठ-दहा पोरांचा श्वास,
"डावीकडं घे मर्दा, डावीकडं!"
आणि मेलो की सगळ्यांचा मिळून
एकच उसासा.

मग बोनस झाला, आणि बाबांनी
लक्ष्मीपुरीतून टीव्हीला जोडायचा खेळ आणला.
पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं एकात चौसष्ट.
खरे अकरा, बाकी तेच नावं बदलून.
सातव्या नंबरला आमचा.

आमचा कसला.
टीव्ही आडवा, म्हणून आभाळ डोक्यात छाटलेलं.
किडे दिसेपर्यंत अंगावर.
सहाच्या वर झाले की लुकलुकायचे,
जणू सगळ्यांत मिळून असणं थोडंच होतं
आणि ते आळीपाळीनं वापरत होते.
पार्लरात छातीत व्हायचा तो स्फोट
इथं फोडणीतल्या मोहरीएवढा.
जीव संपले? पुन्हा घे. पुन्हा संपले? घे की.
फुकटच्या मरणाला चव नाही.
हे ते नव्हे, मी जाहीर केलं,
आणि रुपया मागितला.

शालनताई शिवणक्लासला रोज त्या गोणपाटावरून जायची.
आत मुली जात नव्हत्या.
तसा नियम कुणी केला नव्हता,
त्यामुळं तो मोडताही येत नव्हता.
तिनं विचारलं,
"ज्याचा आवाज रस्त्यावर येतो, ते हेच का रे?"
मी नाही म्हणणार होतो.

दुपारी भाकऱ्या झाल्यावर ती बसायची,
नखांत पीठ तसंच.
माझ्यासारखी अंगानं वळायची नाही,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरायची
आणि एकच गोळी, नेमकी.
लुकलुकणारे किडे तिला लुकलुकणारेच वाटायचे.
छाटलेलं आभाळ तिला पुरायचं.
तिच्यापाशी दुसरं नव्हतं.

बटण बंद केलं की यंत्र सगळं विसरायचं.
म्हणून ती आकडा कॅलेंडरवर लिहायची,
दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलनं.
तिकडं पार्लरात माझी तीन अक्षरं
सगळ्यात वर झळकत होती,
लाइट जाईपर्यंत.

पार्लर गेलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
ताई इचलकरंजीला दिली.
गेल्या वर्षी रव्याचा जुना डबा घासायला काढला,
तळाशी घातलेला कागद निघाला, मार्च महिना:
दूध दीड. एक लाख बारा हजार चारशे.
मी दोनदा मोजलं.
उभ्या आभाळातही
मी कधी एवढ्यावर गेलो नव्हतो.
दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात तिच्याच अक्षरात:
गवळी आला नाही.