व्याजोक्ती

मंगळवारी आणि गुरुवारी, भोंगा झाला की
आम्ही सातजणी चर्चच्या मागच्या खोलीत जायचो.
हातांना सार्डिनचा वास, लिंबानं न जाणारा.
अंशो मास्तर खिडकी उघडायचे,
मग आम्हाला काय वाटेल म्हणून परत लावायचे.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं : उपमा.
"सांगा, समुद्र कशासारखा?"
आम्ही गप्प.
शेवटी देल्मीरा म्हणाली, "समुद्र समुद्रासारखा.
तुम्ही डोंगरातले, मास्तर,
तुम्हाला तो कशासारखा तरी वाटत असेल."
मास्तर हसले. वहीची पानं भराभर पुढे उलटली.
"बाई, हा नववा धडा. अनन्वय.
ज्याला जोड नाही, त्याला त्याचीच जोड."
देल्मीरानं तो शब्द
शिवताना टाचणी धरावी तसा ओठांत धरला,
घर येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

रूपक कळलं ते साबेलामुळे.
ती झाकणाच्या यंत्रावर असते.
म्हणाली, उपमेत डबा आणि झाकण शेजारी शेजारी ठेवलेले,
रूपकात झाकण बसलं,
बोट फिरवलं तरी शिवण लागत नाही.
मास्तरांनी हे वहीत उतरवून घेतलं.

लक्षणेच्या दिवशी तर फाटकावरच पाटी होती :
हंगामासाठी चाळीस हात पाहिजेत.
"म्हणजे वीस बायका," ओतिलिया म्हणाली.
"नाही. चाळीस."
"मग बाकीचं अंग घरी ठेवून यायचं का?"
हसता हसता आम्ही आपापल्या हातांकडे पाहिलं
आणि ते बाकाखाली घेतले.

नोव्हेंबरात चेतनगुणोक्ती आली.
निर्जीवाला माणसासारखं वागायला लावायचं.
"उदाहरण?"
उदाहरण सातहीजणींच्या तोंडात होतं
आणि सहाजणी साबेलाकडे बघायचं टाळत होत्या.
ह्या किनाऱ्याला नकाशातसुद्धा मृत्यूचा किनारा म्हणतात.
इथे कुणी बुडत नाही.
इथे म्हणतात : समुद्रानं नेला.
मार्चमध्ये ब्राइसच्या दगडावरही तेच कोरलं,
अक्षरामागे पैसे मोजून.

साबेला उभी राहिली.
"म्हणजे हा अलंकार आहे?"
"हो, पण त्यात एक वेगळं सत्य—"
"मग नेला कुणी?"
शेगडीतलं लाकूड तडकलं.
"दोर कुजला होता, मास्तर.
ब्राइसनं तीनदा सांगितलं.
तिन्हीदा उत्तर, पुढच्या महिन्यात बघू.
समुद्राला हात नसतात."

कोटाच्या खिशातून तिनं कंपनीचं पत्र काढलं,
घड्यांवर फाटत आलेलं.
सागराच्या लहरीमुळे ओढवलेल्या ह्या प्रसंगी, वगैरे.
"आणि ह्याला काय म्हणतात?"

मास्तरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला,
वहीच्या शेवटच्या पानांत काही शोधलं.
मग फळ्यावर लिहिलं : व्याजोक्ती.
खरं कारण झाकून दुसरंच पुढे करणं.
वहीतल्या उदाहरणात एक मुलगी आठवणीनं रडते
आणि दोष कांद्याला देते.
ते त्यांनी वाचलं नाही.

त्या रात्री आम्ही पत्र लिहिलं.
साबेला सांगत होती, अक्षर माझं.
एकदा मी 'दैवानं' लिहिलं,
तिनं माझ्या हातावर बोट ठेवलं. खोडलं.
दोर. किती जुना. कुणाला सांगितलं. कोणत्या तारखेला.
मास्तरांनी एक स्वल्पविराम तेवढा घातला,
तोही विचारून.

बाहेर पडलो. वारा होता, भरती होती.
समुद्र हंबरत—
नाही.
समुद्र होता.

उत्तर अजून आलेलं नाही.
गुरुवारी अतिशयोक्ती.
देल्मीरा म्हणते, वह्या नकोत,
मालकाचं नाताळचं भाषण तिला पाठ आहे.