साडेसोळा मिलिमीटर

हेलेद टपाल वाटते. उंची चार फूट दहा.
कारखान्यातली सगळ्यात लहान सायकलसुद्धा
तिला थोरल्या भावाच्या कोटासारखी होते.
ऑक्टोबरात ती माझ्या शेडमध्ये आली,
भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
म्हणाली, घे मापं, एम्रिस. सगळी घे.
वजन विचारू नकोस.

मी मेंढवाड्यांची फाटकं जोडणारा माणूस.
आयुष्यभर सरळ नळ्या, सरळ सांधे.
इथे एकही कोन काटकोन नव्हता.
मागचा त्रिकोण पुढच्यापासून सुटा,
मधे एक धुरा, चार बेअरिंगं,
आणि वितीएवढा शॉक, पोटात नुसती हवा,
जो दगडाचा धक्का गिळणार
आणि हाताला फक्त बातमी कळवणार.

पहिला सांगाडा दोन मिलिमीटरने वाकडा गेला.
आठवडाभर त्याच्याकडे बघत जेवलो,
मग कापला.
त्याच्या नळ्या आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहेत.

दुसरा सरळ आला.
रंग नाही, ब्रेक नाहीत, चाकं उसनी, फोर्क उसना,
तरी तिला बसवलं.
नुसतं बसल्यावर गाडी किती खचते, ते बघायचं असतं.
खचली पाहिजे थोडी.
जी अजिबात खचत नाही ती पहिल्याच खड्ड्यात उडवून देते.
शॉकच्या दांड्यावर रबराची बारीक कडी असते,
ती सरकते आणि तिथेच थांबते, खोटं बोलत नाही.
एकशेवीस दाबाला साडेसोळा मिलिमीटर.
बरोब्बर.
आजोबांच्या खाणीतली एक पाटी दाराशी टांगलेली आहे,
तिच्यावर खडूने लिहून ठेवलं.

(चांगल्या पाट्या जहाजांतून गेल्या, परक्या छपरांवर चढल्या.
फुटक्या इथेच राहिल्या, गावापेक्षा उंच झाल्या.
आता त्याच फुटक्यांच्या उतारावर
लोक पैसे देऊन पडायला येतात.)

फोर्क यायला हिवाळा गेला.
तोवर मी आरे ताणले, एकेक, वाजवून वाजवून,
पुढचं चाक मोठं, मागचं लहान.
ब्रेकच्या तेलातला शेवटचा बुडबुडा
तीन रात्री सापडला नाही.
प्रत्येक स्क्रूला निळ्या गोंदाचा एक थेंब.
रंग तिने सांगितला तोच, टपालपेटीचा लाल.

मार्चात ती आली.
याउन? मी विचारलं.
याउन, ती म्हणाली.
आमच्याकडे प्रश्नाला आणि उत्तराला एकच शब्द पुरतो,
त्यात बरंच काही झाकून नेता येतं.

हेल्मेट, बूट, गुडघ्यांची कवचं, पाठीवर पाणी,
एवढं सगळं घालून बसली.
ऑक्टोबरात यातलं काही नव्हतं.
हवा तीच, एकशेवीस.
मी गुडघ्यावर बसून कडी बघितली.
बारा.

पंप खोटा असेल म्हणून दुसरा लावला.
तिला उतरवलं, पुन्हा बसवलं.
बारा.
कोटाची बाही मनगटाशी दुमडलेली होती, दोनदा.
माझं तोंड तिच्या बुटापाशी होतं, हे बरं झालं.

ती म्हणाली, काय झालं?
मी म्हटलं, काही नाही, जरा कडक भरली गेली.
झडपेवर नख दाबलं.
हवा सुटताना जो आवाज झाला
तेवढंच काय ते आम्ही दोघं बोललो.
अठ्ठ्याण्णववर कडी साडेसोळाला आली.
लोखंड मी पुन्हा तापवू शकत नव्हतो.
हवेचं तेवढं करता येतं.

ढिगाऱ्याच्या माथ्यावरून ती सुटली
आणि मी खाली उभा राहून कान दिला.
सैल बेअरिंग आधी ऐकू येतं, मग दिसतं.
काही वाजलं नाही.
फक्त टायरखाली पाट्यांचा तो कोरडा खळखळाट,
एक मेंढी, आणि तिची एक शिवी, वळणावर, खणखणीत.

खाली आली. नाकापर्यंत चिखल.
कडी दांड्याच्या पार टोकाला गेली होती,
पंचावन्नातले चोपन्न.
म्हणजे होतं तेवढं सगळं वापरून आली.

जूनमध्ये धुऱ्याला वंगण लागेल, मी म्हटलं, घेऊन ये.
जूनमध्ये? ती म्हणाली,
आणि चाकाला लागलेला चिखल
बोटाने खरवडत राहिली.