पुसून टाकायचं का?

शिवाजी उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
बाबालाल शिकलगारांच्या लेथच्या शेडमध्ये
बिलांसाठी ठेवलेला एक लॅपटॉप आहे.
सुरू व्हायला चहा मागवण्याइतका वेळ घेतो,
खरं तर मागवून, पिऊन, कप विसळण्याइतका.
आणि गेल्या महिन्यापासून रोज सकाळी एक पाटी दाखवतो:
हे यंत्र नव्या आवृत्तीस पात्र नाही.

चाचा म्हणाले, "पात्र नाही म्हंजे?
ही लेथ माझ्या लग्नाआधीची.
तिनं कधी कुणाला विचारलंय, मी पात्र हाय का म्हणून?"

मी हिशेब लिहितो इथं.
आमच्यात बाया असंच बोलतात, आलो, गेलो, लिहितो.
बाहेरचा माणूस दचकतो, मग त्याला सवय होते.

पॉलिटेक्निकच्या सिद्धेश मगदूमनं पेन ड्राइव्ह आणला
कागदाच्या पुडीत, कातसुपारी दिल्यासारखा.
"लिनक्स हाय. फुकट. चोरीचं न्हवं."
चाचांना पटेना. फुकट आणि चोरीची नाही
अशी एकच वस्तू त्यांनी उद्यमनगरात बघितलेली,
सल्ला.

शटर अर्धं ओढलं. कूलंटचा वास,
पायाखाली लोखंडाचा किसणा,
आणि पडद्यावर साधासा प्रश्न:
संपूर्ण डिस्क पुसून टाकायची का?

माझं बोट तिथंच थांबलं.
पुराच्या साली शुक्रवार पेठेत पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं
तेव्हा हाच लॅपटॉप मी माळ्यावर तांदळाच्या डब्यावर ठेवलेला.
कोरडा राहिला तो, आणि आता मीच पुसायचा.
बिलं घेतली काढून. गुऱ्हाळाच्या चरकाची ड्रॉइंगं घेतली.
'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'नवीन फोल्डर २ खरा',
सगळे घेतले, न उघडता.
चाचा म्हणाले, "दाब. आणि हे आतनं उघडून बघता येतंय?"
"कुणालाबी," सिद्धेश म्हणाला.
"म्हंजे बॉनेटला कुलूप न्हाई," चाचा म्हणाले,
आणि स्टूल ओढून पडद्याजवळ बसले.

सगळं गोड झालं असं नाही.
प्रिंटर दोन दिवस रुसला.
जुन्या फॉन्टमधली बिलं उघडली तर
'चौगुले ॲग्रो'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा.
रात्री अकराला कुठल्या देशातल्या कुणीतरी
लिहून ठेवलेल्या चार ओळी सापडल्या.
त्याचाही प्रिंटर हाच, रुसवाही हाच.
त्या चार ओळी जशाच्या तशा टाईप केल्या,
आणि प्रिंटर खोकला, मग कागद आला.
त्या माणसाला चहा पाजायची सोय नाही,
एवढंच वाईट वाटलं.

भाषा मी मराठीच निवडलेली.
आता तो चहा मागवायच्या आत सुरू होतो
आणि मधूनच म्हणतो:
कृपया संगणकाचा पुनःप्रारंभ करावा.
चाचांनी चष्मा वर केला.
"आत कोण बसलाय? तहसीलदार?"

कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, भाषांतर सुधारायला मदत करा.
मदत करा, असं या मशीननं
इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.
जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून,
मी ते एक वाक्य खोडलं आणि लिहिलं:
परत चालू करा.
दुसरं काही केलं नाही. तेवढंच.
खाली अक्षरं आली: तपासणी बाकी.

आता रोज सकाळी जॉब लेथला लावायच्या आधी
चाचा विचारतात, "पास झालं का गं?"
जणू इचलकरंजीला पाठवलेली शाफ्ट आहे
आणि तिकडं कुणी मायक्रोमीटर घेऊन बसलंय.
"अजून न्हाई," मी म्हणतो.
ते हात पुसतात, पडद्याकडं बघतात,
ती तीन शब्दांची ओळ ओठ हलवत वाचतात.
"मापात हाय की," म्हणतात.
"मग का अडवलंय?"