आजचं झालं

पहाटे चारला गाढव उठतं
आणि कोठ्याच्या दाराशी पाठ देऊन उभं राहतं.
वीटभट्टी सुटून दोन वर्षं झाली,
तरी कोणी ओझं टाकील म्हणून.

शेळीला तीन पाय. चौथा आर्वीच्या रस्त्यावर
एसटीखाली गेला. तिला त्याचं काही नाही.
धुरा ओलांडून शेजारची तूर खायची,
आणि कवडूमामा भांडायला आले
की माझ्या लुगड्यामागे उभं राहून
मीच खाल्ली असं भासवायचं.

भुऱ्या बैल आंधळा.
माणूस तो पायताणाच्या आवाजावरून ओळखतो.
प्रणाली शाळेचे नवे बूट घालून आली
तर तिच्या हातच्या कुटाराला त्यानं तोंड लावलं नाही.
तिनं बूट काढले.
मग खाल्लं, हळूहळू, ओशाळल्यासारखं.

ट्रकातून पडलेली पांढरी कोंबडी
त्याच्याच वशिंडावर बसते
आणि भाडं थकवलेल्या बिऱ्हाडाकडे बघावं
तशी आम्हा सगळ्यांकडे बघते.

"काय कामाचे गा हे ढोरं?" लोक इचारतात.
दूध नाही, वखर नाही, अंडंही लहर लागली तर.
मी काय सांगू.

काल पहाटे हे उठले,
रिकामं पोतं झटकलं
आणि गाढवाच्या पाठीवर टाकलं.
ते पऱ्हाटीच्या कडेकडेनं विहिरीपर्यंत गेलं,
परत आलं, थांबलं.
ह्यांनी पोतं उतरवलं. मानेवर थाप दिली.
"झालं गा, आजचं झालं."

गाढव खाली बसलं.
मी शेण काढून, झाडून, चहा पिऊन आले
तरी झोपलेलंच होतं.